‘स्टँडर’ : कुंपणानेच शेत खाल्ले, पण चित्रपट कुंपणाची बाजू घेतो का?

आडवाटेचा प्रवासी

दक्षिण आफ्रिकेतील आंद्रे स्टँडर या पोलीस अधिकाऱ्याच्या आयुष्यावर बेतलेला ‘स्टँडर’ (२००३) हा चित्रपट नुकताच पाहिला आणि त्यावर इथल्या जाणकारांची मते वाचावीत असे वाटले, म्हणून हा धागा. कथा घडून गेलेल्या इतिहासाची असल्यामुळे शेवट लपवण्याची खटपट मी करणार नाही. ज्यांना कोऱ्या पाटीने चित्रपट पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.

स्टँडर हा जोहान्सबर्गजवळच्या केम्प्टन पार्क येथे गुन्हे अन्वेषण विभागात कॅप्टन होता आणि त्याचे वडील तुरुंग खात्यात मेजर जनरलच्या हुद्द्याचे. १९७७ मध्ये त्याने विमानाने डर्बन गाठून, वेषांतर करून पहिली बँक लुटली. पुढे जेवणाच्या सुट्टीत बँक लुटायची आणि दुपारी त्याच दरोड्याच्या तपासासाठी अधिकारी म्हणून हजर व्हायचे, असेही त्याने केल्याचे सांगितले जाते. १९८० मध्ये त्याला शिक्षा झाली, तुरुंगात ली मॅकॉल आणि अ‍ॅलन हेल हे दोघे भेटले, १९८३ मध्ये तो पळाला आणि मग या तिघांच्या टोळीने काही महिने पोलिसांना अक्षरशः नाचवले.

चित्रपट या सगळ्याचे मूळ १९७६ मध्ये शोधतो. तेम्बिसा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत निदर्शकांवर गोळीबार होतो, त्यात स्टँडरच्या हातून एक निःशस्त्र तरुण मरतो आणि तिथून हा माणूस आतून उसवत जातो, अशी मांडणी आहे. पाहताना मला ती पूर्णपणे पटली. परंतु चित्रपट संपल्यावर मन कुरकुरू लागले. अपराधाची टोचणी लागलेला माणूस राजीनामा देईल, दारू पिऊ लागेल, सरकारविरुद्ध साक्ष देईल. तो बँका का लुटेल? तुम्हाला हे कारण पटले का, आणि पटले नसेल तर त्यामुळे चित्रपट उणा ठरतो का?

खवचट खुर्ची

स्वतःच टाकलेल्या दरोड्याचा पंचनामा स्वतःच करणारा अधिकारी म्हणजे खात्याचा आदर्शच म्हटला पाहिजे. घटनास्थळी पोहोचायला त्याला कधी उशीर होत नसणार.

मुक्ता

प्रवासी, मला ते कारण पटले, आणि ते पटवण्याचे काम संवादांनी केलेले नाही, तेम्बिसाच्या प्रसंगाने केले आहे. तो प्रसंग पुन्हा एकदा नीट पाहावा, अशी विनंती करते. गाणारी, नाचत पुढे सरकणारी गर्दी आणि समोर पोलिसांची ताठ उभी रांग, एवढेच आपल्याला बराच वेळ दिसत राहते. गाणे थांबत नाही आणि अंतर कमी होत जाते. आता काय होणार हे आपल्याला इतिहासामुळे ठाऊक असते, तरीही ते अंतर संपू नये असे वाटत राहते. मग धूर, आरडाओरडा आणि धावपळ यांत गोळी कोणी कशासाठी झाडली याचा पत्ताच लागत नाही. पत्ता लागतो तो फक्त एका चेहऱ्याचा, आणि स्टँडरने गोळी घातलेली असते ती त्याच चेहऱ्याला.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते. तेव्हा तिथे गोऱ्यांची वर्णभेदी राजवट होती. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शाळकरी मुले आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून नेणाऱ्या मुलाचे छायाचित्र जगभर गेले ते त्याच दिवसाचे. हा वणवा पुढे इतर वस्त्यांत पसरला आणि सरकारने नेमलेल्या आयोगानेच पुढील महिन्यांतील मृतांचा आकडा ५७५ असा दिला. अशा काळात बंदूक हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनाचे काय होत असेल, हा प्रश्न विचारणारे गुन्हेपट फार थोडे आहेत.

चिकित्सक

मुक्ताताई, प्रसंग उत्तम चित्रित झाला आहे याबद्दल वादच नाही. माझा आक्षेप त्याच्या जागेबद्दल आहे.

तेम्बिसाच्या गोळीबारामुळे आपला व्यवस्थेवरील विश्वास उडाला, हे कारण मुळात आले कुठून? ते आरोपीच्या पिंजऱ्यातून आले. पकडला गेल्यानंतर आपल्या वागण्याचे स्पष्टीकरण म्हणून स्टँडरने ही बाजू मांडली आणि तिच्या खरेपणाबद्दल पुढे शंकाही घेतली गेली. म्हणजे ज्या माणसाचा धंदाच तीन वर्षे खोटे मिशांचे आकडे लावून लोकांना फसवण्याचा होता, त्याने शिक्षा ठरण्याच्या वेळी सांगितलेले कारण चित्रपटाने जसेच्या तसे उचलले आणि पहिल्याच भागात ‘घडलेली गोष्ट’ म्हणून दाखवले. बचावाचे निवेदन आणि निर्विवाद सत्य यांत फरक असतो. दिग्दर्शिकेने तो पुसून टाकला आहे. प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे त्याला शंका घेण्याची सोयच उरत नाही.

हाच प्रसंग न्यायालयात स्टँडरच्या तोंडून ऐकताना दाखवला असता, तर ‘हा खरे बोलतो आहे की नाही’ हे कोडे आपल्या पदरात पडले असते आणि मला वाटते की चित्रपट अधिक मोठा झाला असता.

काउंटर नंबर दोन

मी बँकेत रोखपाल म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे माझे मत एकतर्फी वाटल्यास समजून घ्यावे.

या चित्रपटातील दरोडे इतके हसतखेळत होतात की टोळीची शेवटची बँक लुटून होईपर्यंत मला अस्वस्थ व्हायला झाले. देखणा लुटारू येतो, आर्जवाने बोलतो, पिस्तूल जणू ओळखपत्र दाखवावे तसे दाखवतो आणि समोरच्या स्त्रिया भेदरण्याऐवजी भारावल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात काउंटरच्या या बाजूला बसलेल्या माणसाला पिस्तुलामागचा चेहरा दिसतच नाही. प्रतिकार करायचा नाही, अचानक हालचाल करायची नाही, मागेल ते द्यायचे आणि जमले तर उंची, आवाज, हात लक्षात ठेवायचे, असे आम्हाला शिकवलेले असते. पण ड्रॉवर उघडताना आपलेच बोट आपले ऐकत नाही. पैसे बँकेचे असतात, ते विम्यातून भरून येतात, हे सगळे खरे. ज्याच्या समोर बंदूक रोखली गेली त्याला मात्र पुढे कितीतरी दिवस दार उघडल्याचा आवाज झाला की मान वर करावीशी वाटते.

तेम्बिसामधील एका माणसाच्या डोळ्यांत पाहून ज्याचे आयुष्य बदलले असे चित्रपट म्हणतो, त्याला इतक्या रोखपालांच्या डोळ्यांत पाहून काहीच कसे झाले नाही? प्रवासी, मला कारण पटले नाही ते एवढ्यासाठी.

आडवाटेचा प्रवासी

काउंटर नंबर दोन, आपला शेवटचा प्रश्न मला सुचलाच नव्हता आणि आता तो डोक्यातून जाणार नाही.

चिकित्सक, आपला मुद्दा ग्राह्य आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. चित्रपट अपराधभावाबरोबर आणखी एक कारण देतो आणि ते मला अधिक खरे वाटते. सगळे पोलीस दल वस्त्यांतील बंड मोडण्यात गुंतलेले असल्यामुळे आज गोऱ्या माणसाने काहीही केले तरी ते खपून जाईल, हे स्टँडरच्या लक्षात येते. आणि मग तो ते करून पाहतो. हा अपराधभाव नव्हे; ज्या व्यवस्थेचा आपण भाग आहोत तिचे कुलूप किती तकलादू आहे हे आतल्या माणसाला कळल्यावर होणारा मोह आहे तो.

नाना_निवृत्त

गुन्ह्यांच्या तपासाच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे दोन शब्द लिहितो.

आपण सर्वजण ‘त्याने असे का केले’ यावर बोलत आहात. मला ‘इतके दिवस कसे निभावले’ हे अधिक रंजक वाटते आणि चित्रपटाने ते बरोबर हेरले आहे. दरोड्यानंतर साक्षीदारांना जे आठवते ते बहुधा एखादे ठळक चिन्ह असते : मिशी, चष्मा, टोपी, केसांची ठेवण. चतुर गुन्हेगार हे चिन्ह मुद्दाम पुरवतो. साक्षीदार मिशीचे वर्णन करत राहतो आणि मिशी तोवर गाडीच्या डिकीत पडलेली असते. त्यातच समोर वर्णन लिहून घेणारा अधिकारी तोच माणूस असेल, तर साक्षीदाराला संशय येण्याची शक्यता आणखी घटते, कारण त्या घडीला त्याला अधिकाराचा आधार हवा असतो. अधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडे तो संशयाने पाहतच नाही.

दुसरी गोष्ट अशी की दरोडा कोणत्या वेळी पडला, गस्त कुठे होती, नाकाबंदीला किती वेळ लागला, कोणता धागा पुढे सरकतो आहे, ही माहिती त्याच्या टेबलावर आपोआप येत होती. बाहेरच्या गुन्हेगाराला ती मिळवण्यासाठी खबऱ्याला पैसे मोजावे लागतात. स्टँडरला तिच्यासाठी पगार मिळत होता.

तो पकडला गेला तोही शास्त्रीय तपासापेक्षा आपल्याच बढाईमुळे. जवळच्या मित्रापाशी त्याने तोंड उघडले आणि गोष्ट वरपर्यंत गेली. माझ्या अनुभवात असे वारंवार घडते. पकडले न जाण्याचा आनंद कोणाला तरी सांगितल्याशिवाय पुरा होत नाही आणि चित्रपटात स्टँडरचे काम करणाऱ्या थॉमस जेनने ही खाज चेहऱ्यावर फार नेमकी दाखवली आहे. हा टोचणी लागलेल्या माणसाचा चेहरा नव्हे, हे चिकित्सकांना उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

खवचट खुर्ची

नाना, म्हणजे पगार सरकारी आणि भत्ता बँकेचा. निवृत्तिवेतनाचा प्रश्न तेवढा राहिला.

हायवेल्ड

नोकरीनिमित्त मी जोहान्सबर्गमध्ये राहिलेली असल्यामुळे चित्रपटातील भूगोलाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते नैतिक प्रश्नाचे निम्मे उत्तर भूगोलातच आहे.

केम्प्टन पार्क विमानतळाला लागून आहे. तेव्हा त्या विमानतळाला यान स्मट्स यांचे नाव होते, आज ओ. आर. टॅम्बो यांचे आहे. दुपारच्या सुट्टीत डर्बनला जाऊन येण्याच्या कथा ऐकताना आश्चर्य वाटते, पण ज्याच्या कचेरीजवळूनच विमाने उडतात त्याला ते तितके अवघड नव्हते. तेम्बिसा त्याच केम्प्टन पार्कला जवळजवळ खेटून आहे. वर्णानुसार वस्त्या वेगळ्या करणारा कायदा १९५० मध्ये आला आणि ज्यांनी गोऱ्यांच्या घरांत, कारखान्यांत राबायचे त्यांनी रात्री आपल्या वस्तीत परतायचे, अशी ती रचना होती. म्हणजे स्टँडर ज्या लोकांवर बंदूक रोखून उभा होता ते दूरच्या कुठल्या प्रांतातील नव्हते. ते रोज सकाळी त्याच्याच गावात कामाला येणारे लोक होते. चित्रपट हे बोलून दाखवत नाही, पण एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना रस्ते, कुंपणे आणि हिरवळी ज्या झपाट्याने बदलतात त्यातून ते जाणवते.

उत्तरार्धात टोळी लपते तो हाउटन भाग धनिकांचा. तिघे फरारी भिकार खोलीत न लपता प्रशस्त बंगल्यात राहिले, कारण त्या राजवटीत चांगल्या वस्तीतील गोऱ्या माणसांच्या दारावर कोणी सहसा थाप मारत नव्हते. त्यांच्या दरोड्यांचा हंगाम १९८३ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झाला. त्या दिवसांत शहरभर जॅकरांडा फुललेला असतो आणि पदपथांवर जांभळा सडा पडलेला असतो. टोळीच्या धुमाकुळाची कथा वाचताना मला नेहमी तो सडा आठवतो, कारण इतक्या निवांत दिसणाऱ्या शहरात कोणी घाबरून राहत असेल यावर विश्वास बसत नाही. घाबरणारे लोक निराळ्या वस्त्यांत राहत होते.

शेवटची रांग

धागा फारच गंभीर झाला आहे, तेव्हा चित्रपटाच्या घडणीबद्दल थोडे लिहितो.

दिग्दर्शिका ब्रॉनवेन ह्यूज यांच्या नावावर याआधी एक बालचित्रपट आणि एक हलकाफुलका प्रेमपट होता, हे समजल्यावर तेम्बिसाचा प्रसंग त्यांनी कसा पेलला याचे अधिकच नवल वाटते. हेलचे काम करणारा डेव्हिड ओहारा आणि मॅकॉलचे काम करणारा डेक्स्टर फ्लेचर हे दोघेही उत्कृष्ट आहेत. फ्लेचर पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. स्टँडरच्या जनरल वडिलांच्या भूमिकेत मारियस वेयर्स आहेत. ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’मध्ये जीप आणि नायिका या दोहोंपुढे सारखाच गडबडून जाणारा शास्त्रज्ञ ज्यांना आठवत असेल त्यांनी ओळखून पाहावे, हे तेच गृहस्थ. तिथला गोंधळलेला चेहरा इथे दगडासारखा झाला आहे. बापलेकांच्या प्रसंगांत फारसे बोलणे नाही, पण मुलाने पोलिसाची वर्दी कोणासाठी चढवली असावी याचा अंदाज तेवढ्याने येतो.

माझी तक्रार मधल्या भागाबद्दल आहे. तुरुंगातून सुटका झाल्यानंतर चित्रपट एकदम रंगात येतो : विग, वेगवान मोटारी, ठेक्याचे संगीत, एकामागून एक बँका. टोळीने एकाच दिवशी चार बँकांपर्यंत मजल मारली होती, त्यामुळे वेग ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचा नाही. मात्र पूर्वार्धात ज्याने आपल्याला गुदमरवले तोच चित्रपट उत्तरार्धात आपल्याला टाळ्या वाजवायला लावतो आणि या दोहोंमध्ये सांधा दिसत नाही.

मुक्ता

शेवटची रांग, सांधा नसणे हाच तर मुद्दा असू शकेल ना? टाळ्या वाजवून झाल्यावर आपल्याला तेम्बिसा आठवते आणि आपण ओशाळतो. मला तरी तसे झाले.

चिकित्सक

ताई, आपण ओशाळलात हा आपला मोठेपणा. चित्रपटाने तशी सोय केली होती असे मला दिसत नाही.

कलम आणि कॉलम

मी कायद्याची विद्यार्थिनी आहे आणि माझे लक्ष शिक्षेच्या आकड्यांकडे गेले. मे १९८० मध्ये स्टँडरला सुनावलेल्या शिक्षांची बेरीज ७५ वर्षे होती, पण त्यांपैकी बऱ्याच एकाच वेळी भोगायच्या असल्यामुळे प्रत्यक्षात १७ वर्षे उरली. शिक्षा एकत्र भोगू देणे यात बेकायदा काही नाही, अनेक देशांत हीच रीत आहे. परंतु त्याच देशात, त्याच काळात पास, म्हणजे गोऱ्यांच्या भागात वावरण्याचा परवाना, जवळ नाही एवढ्या कारणावरून कृष्णवर्णीयांना सर्रास अटक होत असे आणि फाशी जाणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीयच असत. हे शेजारी ठेवून पाहिले की ‘गोऱ्या माणसाने काहीही केले तरी खपेल’ हे प्रवासींनी सांगितलेले गृहीतक न्यायालयापर्यंत कसे पोहोचते, हे दिसते.

चित्रपटात न्यायालयात उभा राहून स्टँडर म्हणतो की माझ्यावर खटला बँका लुटल्याचा आहे, निःशस्त्र माणसे मारल्याचा नाही. हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे. निदर्शकांवर झाडलेल्या गोळीबद्दल त्या राजवटीत त्याला कोणी जाब विचारला नसता, उलट पाठ थोपटली असती. पैशाच्या पिशवीबद्दल मात्र ७५ वर्षे. त्यामुळे चिकित्सक म्हणतात तसे ते बचावाचे निवेदन असेल, आणि कदाचित खोटेही असेल, तरी त्यातून उघडी पडणारी व्यवस्था खोटी ठरत नाही. खोटारड्या माणसाच्या तोंडून खरे आरोपपत्र वाचले जाणे, ही मला या चित्रपटातील सर्वांत चमत्कारिक जागा वाटते.

चिकित्सक

‘कलम आणि कॉलम’, हा प्रतिसाद वाचून माझा सूर थोडा खाली आणतो. तरीही एक शंका उरतेच : ते आरोपपत्र वाचण्यासाठी गोराच माणूस का लागला?

तेम्बिसामध्ये जो मरतो त्याच्याबद्दल आपल्याला काय कळते? जवळजवळ काहीच नाही. तो मरतो, कारण स्टँडरला बदलायचे आहे. त्याच्या मरणाचा उपयोग एका पोलिसाच्या स्वभावाला खोली यावी म्हणून करून घेतला जातो आणि मग चित्रपट बँकांकडे वळतो. चित्रपट २००३ चा आहे, हेही ध्यानात घ्यावे. वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, डेझमंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगाची सुनावणी १९९६ मध्ये सुरू झाली होती आणि त्या काळात कितीतरी पोलीस अधिकाऱ्यांनी आपली कृत्ये जाहीरपणे सांगून माफीसाठी अर्ज केले होते. कबुली देणारा गोरा अधिकारी ही त्या दशकाची ओळखीची प्रतिमा होती. माझा असा तर्क आहे की चित्रपटाने त्या प्रतिमेचा अंगरखा १९८० च्या दरोडेखोराला घातला. फरक एवढाच की आयोगापुढे मृतांच्या आयाही बोलत होत्या.

हायवेल्ड

या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. त्या सुनावण्या दक्षिण आफ्रिकेच्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या जात आणि लोकांच्या लक्षात राहिल्या आहेत त्या साक्ष द्यायला आलेल्या स्त्रियाच.

खवचट खुर्ची

मला एक वेगळीच माणसे आठवतात. ऑगस्ट १९८३ मध्ये स्टँडर आणि मॅकॉल यांना फिजिओथेरपीसाठी बाहेर नेले तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी पाच कैदी होते. या दोघांनी पहारेकऱ्यांना नमवून पळ काढला आणि त्या पाचांनी ‘आम्ही येत नाही’ म्हणून जागचे हलायला नकार दिला. पाठदुखीवर उपचार घ्यायला आलेल्या त्या पाच गृहस्थांवर कोणी चित्रपट काढील का? नायक परत तुरुंगात जातो, शिक्षा भोगतो, पाठ बरी होते. समाप्त.

नाना_निवृत्त

खुर्चीबुवा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या पाचांचा हिशोब बरोबर होता. आपण मोजत जा : मॅकॉल ३० जानेवारी १९८४ रोजी हाउटनमधील घरावर पोलिसांनी घातलेल्या छाप्यात मारला गेला आणि दोन आठवड्यांत, १३ फेब्रुवारीला, स्टँडर अमेरिकेत फोर्ट लॉडरडेल येथे. म्हणजे पळाल्यापासून सहा महिने.

आणि शेवट कशामुळे झाला हे वाचून मला हसावे की रडावे कळेना. टोळीने घेतलेल्या नौकेच्या कामासाठी तो तिकडे गेला होता. तिथे एक जुनी मस्टँग मोटार विकत घेतली, तिच्या कागदपत्रांवरून वाहतूक पोलिसाने हटकले आणि मोटार जप्त झाली. एवढ्यावर थांबला असता तर निभावले असते. या बहाद्दराने रात्री जप्तीच्या आवारातून आपलीच मोटार चोरून आणली आणि तिचा रंग बदलून द्या म्हणून ज्याच्याकडून घेतली होती त्याच विक्रेत्याकडे गेला. विक्रेत्याने तोवर वर्तमानपत्रात टोळीची बातमी वाचली होती. ज्याने दोन्ही बाजूंनी पोलिसी काम पाहिले होते, त्याने नवशिक्याने करू नये ती चूक केली.

शेवटची रांग

नाना, चित्रपटाचा शेवट मला ती ‘चूक’ म्हणून दाखवल्यासारखा वाटत नाही. तो मृत्यूकडे आपण होऊन चालत गेला, असा रंग त्याला दिला आहे. प्रत्यक्षात पोलिसाशी बंदुकीवरून झटापट झाली आणि त्यात गोळी सुटली. चित्रपटाने त्या झटापटीतून प्रायश्चित्त काढले. पडद्यावर ते परिणामकारक आहे, पण चिकित्सकांचा मूळ आक्षेप इथे पुन्हा लागू पडतो, कारण मेलेल्या माणसाचे मन कोणी वाचले?

कलम आणि कॉलम

मला वाटते की प्रवासींच्या पहिल्या प्रश्नाकडे आता परत जायला हवे. कारण पटले का? माझे उत्तर असे की कारण एकच असले पाहिजे हा हट्ट आपण सोडला तर चित्रपट अधिक नीट दिसतो. वडिलांवरचा राग, पकडले न जाण्याची नशा, व्यवस्थेचे फोलपण कळणे आणि कदाचित खरीखुरी टोचणी, हे सगळे एका माणसात असू शकते. शिवाय यातले सर्वांत शोभिवंत कारण तो न्यायालयात पुढे करणार, हेही त्या माणसाला शोभेसेच आहे.

आडवाटेचा प्रवासी

मला बऱ्याच अंशी मान्य आहे. तरीही चित्रपटाने तेम्बिसाला पहिले स्थान दिल्यामुळे बाकीची कारणे त्याच्या सावलीत जातात आणि नानांनी सांगितलेली ती खाज, जी मला आता सर्वांत खरी वाटते, ती केवळ जेनच्या अभिनयातून डोकावते. लेखनाने कारण एक दिले आणि नटाने दुसरेच वठवले, असे या चित्रपटाचे झाले आहे. पाहावा की नाही असे कोणी विचारल्यास मी ‘जरूर पाहावा’ असेच सांगेन, आणि या धाग्यातील तक्रारींसह पाहावा.

जाता जाता एक विचारतो : तिसऱ्या साथीदाराचे, हेलचे, पुढे काय झाले?

हायवेल्ड

हेल युरोपात पळाला, इंग्लंडमध्ये पुन्हा दरोड्याच्या गुन्ह्यात सापडला, तिथली शिक्षा भोगून झाल्यावर त्याला दक्षिण आफ्रिकेच्या हवाली करण्यात आले आणि तिथे पुन्हा तुरुंगवास झाला. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो आतच होता. २००५ मध्ये पॅरोलवर सुटला आणि त्यानंतर प्रेरणादायी व्याख्याने देऊ लागला.

खवचट खुर्ची

विषय बहुधा ‘अल्पावधीत मोठी रक्कम कशी उभी करावी’ असा असेल.

काउंटर नंबर दोन

माझी त्याच्या सुटकेबद्दल तक्रार नाही. त्याने शिक्षा भोगली आहे. पण अशा एखाद्या व्याख्यानाला त्या काळात काउंटरवर बसलेली एखादी बाई श्रोत्यांत असती, तर मी भाषण संपल्यावर उठले नसते, प्रश्नोत्तरांसाठी आवर्जून थांबले असते.